ग्रेस हॉपर

ग्रेस ब्रूस्टर मरे हॉपर (९ डिसेंबर, १९०६ - १ जानेवारी, १९९२) या अमेरिकन गणितज्ञ, संगणकशास्त्रज्ञ आणि अमेरिकेच्या नौदलातील रिअर ॲडमिरल होत्या. हार्वर्ड विद्यापीठातील मार्क १ या यंत्रासाठी आज्ञावली लिहिणाऱ्या पहिल्या व्यक्तींमध्ये त्यांची गणना होते. आज्ञावलीचे तुकडे आपोआप जोडणारी ए-० ही प्रणाली, इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहिण्याची सोय देणारी फ्लो-मॅटिक ही भाषा आणि तिच्यावर मोठ्या प्रमाणात आधारलेली कोबोल ही व्यावसायिक संगणक भाषा यांच्याशी त्यांचे नाव जोडलेले आहे. नौदलात त्यांनी कोबोलच्या कंपायलरची तपासणी करणाऱ्या चाचणी आज्ञावल्यांचा कार्यक्रम चालविला. आज्ञावलीतील चुका कोठून येतात, त्या कशा शोधाव्यात आणि दुरुस्तीने नवी चूक निर्माण झाली नाही याची खात्री कशी करावी, हे प्रश्न त्यांच्या चार दशकांहून अधिक काळाच्या कामात सतत येत राहिले.

बालपण आणि शिक्षण

ग्रेस मरे यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात झाला. वडील वॉल्टर फ्लेचर मरे विमा व्यवसायात होते. आई मेरी कॅम्पबेल व्हॅन हॉर्न यांना गणिताची आवड होती. तीन भावंडांत ग्रेस सर्वांत थोरल्या होत्या. त्यांचे पणजोबा अलेक्झांडर विल्सन रसेल हे अमेरिकेच्या नौदलात ॲडमिरल होते. वयाच्या सातव्या वर्षी गजराच्या घड्याळाची रचना समजून घेण्यासाठी त्यांनी घरातील सात घड्याळे एकामागून एक उघडली. हे आईच्या लक्षात आल्यावर त्यांना पुढे एकच घड्याळ उघडण्याची परवानगी मिळाली.

वयाच्या सोळाव्या वर्षी त्यांनी व्हॅसार महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला. परंतु लॅटिन विषयात गुण कमी पडल्याने तो नाकारला गेला. पुढील वर्षी प्रवेश मिळून १९२८ साली त्यांनी गणित आणि भौतिकशास्त्र या विषयांत पदवी घेतली. येल विद्यापीठातून १९३० मध्ये पदव्युत्तर पदवी आणि १९३४ मध्ये गणितातील पीएच.डी. त्यांना मिळाली. नॉर्वेजियन गणितज्ञ ओइस्टिन ओर हे त्यांचे मार्गदर्शक होते. दिलेली बहुपदी लहान बहुपदींच्या गुणाकारात मोडता येते की नाही हे ठरविण्याच्या कसोट्या हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. १९३० मध्ये त्यांचा विवाह व्हिन्सेंट फॉस्टर हॉपर यांच्याशी झाला. १९४५ मध्ये घटस्फोट झाल्यानंतरही त्यांनी हॉपर हे आडनाव कायम ठेवले. १९३१ पासून त्या व्हॅसार येथे गणित शिकवीत होत्या व १९४१ मध्ये तेथे सहयोगी प्राध्यापक झाल्या.

नौदलात प्रवेश

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका उतरल्यानंतर हॉपर यांनी नौदलात भरती होण्याचा प्रयत्न केला. त्यांचे वय नियमापेक्षा अधिक, तर वजन किमान मर्यादेपेक्षा सुमारे १५ पौंडांनी कमी होते. शिवाय गणिताच्या प्राध्यापकाचे काम युद्धप्रयत्नास आवश्यक मानले जात असल्याने त्यांना त्या कामातून मोकळे करण्यासही अडचण होती. विशेष सवलत मिळवून डिसेंबर १९४३ मध्ये त्या नौदलाच्या राखीव दलातील महिला विभागात दाखल झाल्या. मॅसॅच्युसेट्समधील नॉर्थॅम्प्टन येथे स्मिथ महाविद्यालयातील प्रशिक्षण वर्गात त्या पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्या. १९४४ मध्ये लेफ्टनंट (कनिष्ठ श्रेणी) या हुद्द्यावर त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठातील नौदलाच्या गणन प्रकल्पावर झाली. हॉवर्ड एकेन हे या प्रकल्पाचे प्रमुख होते.

मार्क १ आणि कागदी फितीवरील दुरुस्त्या

मार्क १ हे आयबीएम कंपनीने एकेन यांच्या कल्पनेनुसार बांधलेले विद्युत-यांत्रिक गणनयंत्र ५१ फूट लांब व ८ फूट उंच होते. त्यात २३ अंकी संख्या साठविणारे ७२ गणक होते. एका सेकंदात ते तीन बेरजा करू शके. गुणाकारास सुमारे ६ सेकंद, तर भागाकारास सुमारे १५ सेकंद लागत. यंत्राला आज्ञा देण्यासाठी कागदी फितीवर आडव्या ओळींत छिद्रे पाडली जात. प्रत्येक ओळीत २४ छिद्रांसाठी जागा असे आणि एक ओळ म्हणजे एक आज्ञा होई. हॉपर यांना तेथे हजर होताच आर्क टँजेंट श्रेणीचे सहगुणक काढण्याचे काम देण्यात आले. रिचर्ड ब्लॉक आणि रॉबर्ट कॅम्पबेल या सहकाऱ्यांकडून त्या यंत्राची आज्ञापद्धती शिकल्या.

या कामात एक चुकीचे छिद्र संपूर्ण निकाल बिघडवू शकत असे. चुकून पडलेले छिद्र कागदाचा तुकडा चिकटवून बुजविले जाई, तर राहून गेलेले छिद्र नव्याने पाडले जाई. अशी ठिगळे लावलेली मार्क १ ची फीत आजही वॉशिंग्टन येथील स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहात आहे. आज्ञावलीतील दुरुस्तीला पॅच, म्हणजे ठिगळ, म्हणण्याची प्रथा अशा प्रत्यक्ष ठिगळांशी जोडली जाते.

यंत्र दिवसरात्र चालत असल्याने चुकीची आज्ञावली म्हणजे वाया गेलेले तास असत. युद्धकाळात तोफांच्या माऱ्याची कोष्टके, सुरुंग निष्क्रिय करण्याची गणिते आणि अणुबाँबच्या आतील आघातलहरींचे गणित अशी कामे त्यावर होत होती. या शेवटच्या कामासाठी जॉन फॉन नॉयमन १९४४ मध्ये हार्वर्डला आले होते. मात्र गणित कशासाठी आहे हे तेथील बहुतेकांना सांगितलेले नव्हते. चुकीचे उत्तर पुढे जाऊ नये म्हणून आज्ञावलीतच पडताळणीच्या पायऱ्या घातल्या जात. आलेले उत्तर दुसऱ्या मार्गाने तपासून फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेल्यास यंत्र आपोआप थांबे.

एकदा तपासून बरोबर ठरलेले आज्ञांचे तुकडे हॉपर, ब्लॉक आणि कॅम्पबेल आपापल्या वह्यांत लिहून ठेवीत. साइन फलाची किंमत काढण्याची आज्ञावली एकाकडे असल्यास दुसरा ती त्याच्या वहीतून उतरवून घेई. पुढे सबरूटीन या नावाने रूढ झालेल्या कल्पनेचे हे प्रारंभिक रूप होते. मात्र हाताने उतरवून घेताना नव्या चुका होत, हा अनुभवही तेथेच आला.

एकेन यांच्या सूचनेवरून हॉपर यांनी यंत्राची मार्गदर्शक पुस्तिका लिहिण्याचे काम हाती घेतले. १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या ५६१ पानी ग्रंथात यंत्राची रचना, आज्ञांचे संकेत आणि सोडविलेली उदाहरणे दिली आहेत. अंकीय गणनयंत्रासाठी आज्ञावली कशी लिहावी याचे विस्तृत विवेचन करणाऱ्या पहिल्या ग्रंथांत त्याचा समावेश होतो.

पतंगाची नोंद

मार्क १ नंतर हार्वर्डमध्ये मार्क २ हे यंत्र बांधण्यात आले. ९ सप्टेंबर, १९४७ रोजी त्यात बिघाड झाला असता एका रिलेमध्ये अडकून मेलेला पतंग सापडला. कर्मचाऱ्यांनी तो चिकटपट्टीने नोंदवहीत लावला आणि प्रत्यक्ष किडा सापडल्याची मिस्कील नोंद शेजारी केली. ही नोंदवही आता स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकन इतिहासाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

हॉपर आपल्या व्याख्यानांत हा प्रसंग रंगवून सांगत. त्यामुळे बग हा शब्द त्यांनीच रूढ केला असा समज पसरला. वस्तुतः यंत्रातील दोषासाठी हा शब्द थॉमस एडिसन यांच्या काळापासून अभियंत्यांच्या वापरात होता आणि नोंदवहीतील विनोद त्या जुन्या अर्थावरच आधारलेला आहे. पतंग हॉपर यांनी स्वतः शोधला नव्हता. हा शब्द संगणकाच्या संदर्भात सर्वसामान्य लोकांपर्यंत पोहोचण्यात मात्र त्यांच्या कथनाचा मोठा वाटा आहे.

युद्ध संपल्यावर नौदलाच्या नियमित सेवेत जाण्याची त्यांची विनंती वयाच्या कारणाने मान्य झाली नाही. त्या राखीव दलात राहिल्या. व्हॅसार येथील प्राध्यापकपद त्यांनी नाकारले आणि १९४९ पर्यंत हार्वर्डमध्ये संशोधक म्हणून काम केले. तेथे स्त्रियांना कायम पद मिळण्याची शक्यता नव्हती. या सुमारास त्यांना नैराश्य आणि मद्यपान यांच्याशी झगडावे लागले. मित्रांच्या मदतीने त्या त्यातून सावरल्या.

युनिव्हॅक आणि ए-० प्रणाली

१९४९ मध्ये हॉपर फिलाडेल्फिया येथील एकर्ट-मॉकली कॉम्प्युटर कॉर्पोरेशन या नव्या कंपनीत वरिष्ठ गणितज्ञ म्हणून रुजू झाल्या. ही कंपनी त्या वेळी बायनॅक हे यंत्र पूर्ण करून युनिव्हॅक १ बांधण्याच्या तयारीत होती. बायनॅकसाठी अष्टमान पद्धतीत आज्ञा लिहाव्या लागत. हॉपर यांना या पद्धतीची इतकी सवय झाली की त्यांच्या बँक खात्याचा हिशेब काही महिने जुळेना. बँक व्यवसायातील त्यांच्या भावाने वही तपासली, तेव्हा अधूनमधून त्यांनी अष्टमान पद्धतीने वजाबाक्या केल्याचे आढळले. माणसाने यंत्राची भाषा शिकण्यापेक्षा यंत्राला माणसाची भाषा समजावी, हे मत मांडताना हा अनुभव त्या उदाहरण म्हणून देत.

१९५० मध्ये ही कंपनी रेमिंग्टन रँडने विकत घेतली. तेथील गटात सबरूटीनचा संग्रह वाढत गेला; परंतु एका आज्ञावलीतील सबरूटीन दुसरीत घालायची तर तिच्यातील प्रत्येक पत्त्यात ठरावीक संख्या मिळवावी लागे. या बेरजांत आणि नक्कल करण्यात प्रोग्रामरांकडून चुका होत. घाईत लिहिलेले बी हे अक्षर पुढच्या नकलेत १३ होई. नक्कल करणे आणि बेरीज करणे या दोन्ही गोष्टी यंत्र बिनचूक करू शकत असताना त्या माणसाने का कराव्यात, असा विचार हॉपर यांनी केला.

त्यातून १९५१-५२ मध्ये ए-० ही प्रणाली तयार झाली. प्रत्येक सबरूटीनला एक सांकेतिक क्रमांक देऊन सर्व सबरूटीन चुंबकीय फितीवर साठविण्यात आल्या. प्रोग्रामरने फक्त क्रमांक आणि त्यांना लागणारी माहिती क्रमाने लिहायची. प्रणाली त्या सबरूटीन फितीवरून उचलून, पत्ते बदलून, एकत्र जोडून पूर्ण आज्ञावली तयार करी.

या रचनेत पुढे जाणाऱ्या उड्या ही मोठी अडचण होती. आज्ञावलीतील ज्या भागाकडे उडी मारायची तो अजून स्मृतीत मांडलाच गेला नसेल, तर त्याचा पत्ता कसा लिहिणार? युनिव्हॅकची स्मृती अवघी १,००० शब्दांची होती. हॉपर यांना महाविद्यालयात खेळलेले बास्केटबॉल आठवले. त्या काळच्या स्त्रियांच्या खेळात चेंडू घेऊन धावता येत नसे. तो मधल्या सहकाऱ्याकडे देऊन स्वतः पुढे जायचे आणि पुन्हा घ्यायचा. त्याच धर्तीवर त्यांनी स्मृतीच्या सुरुवातीला काही जागा राखून ठेवली. पुढची उडी आधी त्या जागेकडे जाई आणि खरा भाग मांडला गेला की त्या जागेत त्याचा पत्ता भरला जाई. अशा रीतीने एकाच फेरीत पूर्ण आज्ञावली तयार होऊ लागली.

मे १९५२ मध्ये पिट्सबर्ग येथील परिषदेत हॉपर यांनी या कामावर निबंध सादर केला. कंपायलर हा शब्द त्यांनी संकलन करणारा या अर्थाने वापरला. आजच्या परिभाषेत ए-० ला कंपायलरपेक्षा लिंकर किंवा लोडर म्हणणे अधिक योग्य ठरेल, असे संगणक इतिहासाचे अभ्यासक मानतात. संगणक फक्त अंकगणित करतो, आज्ञावली लिहू शकत नाही, या समजामुळे सुरुवातीला या कामाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

१९५३ मध्ये आलेली ए-२ ही या मालिकेतील सुधारित प्रणाली होती. ती ग्राहकांना मूळ आज्ञावलीसह देण्यात आली आणि केलेल्या सुधारणा कंपनीकडे परत पाठविण्याचे आवाहन करण्यात आले. बाहेरील वापरकर्त्यांनी दोष दाखवावेत, दुरुस्त्या सुचवाव्यात आणि त्या मूळ प्रणालीत सामावून घ्याव्यात, ही मुक्त स्रोत प्रकल्पांतील आजची पद्धत येथे आरंभीच्या रूपात दिसते.

फ्लो-मॅटिक

व्यापारी संस्थांमधील कर्मचारी गणिती चिन्हांपेक्षा शब्दांत लिहिलेल्या सूचना सहज समजू शकतील, असे हॉपर यांचे निरीक्षण होते. त्यानुसार त्यांनी इंग्रजी क्रियापदांवर आधारलेल्या भाषेचा प्रस्ताव ठेवला. संगणकाला इंग्रजी समजत नाही या कारणाने तो आरंभी फेटाळला गेला.

१९५५ मध्ये त्यांच्या गटाने एक लहान नमुना कंपायलर तयार करून व्यवस्थापनाला दाखविला. संगणकाच्या दृष्टीने शब्द म्हणजे केवळ चिन्हांचा क्रम आहे, हे पटविण्यासाठी त्यांनी तीच आज्ञावली फ्रेंच आणि जर्मन शब्द वापरूनही चालवून दाखविली. परिणाम मात्र उलटा झाला. पेनसिल्व्हेनियात बांधलेल्या अमेरिकन यंत्राला परकी भाषा समजावी ही गोष्ट अधिकाऱ्यांच्या पचनी पडेना. केवळ इंग्रजीच वापरू असे आश्वासन दिल्यानंतर काम पुढे सरकले. बी-० या नावाने सुरू झालेली ही भाषा पुढे फ्लो-मॅटिक या नावाने १९५८ मध्ये ग्राहकांना उपलब्ध झाली.

माहितीचे वर्णन आणि तिच्यावर करावयाच्या क्रिया या दोन गोष्टी फ्लो-मॅटिकमध्ये वेगळ्या ठेवल्या होत्या. नोंदीत कोणते रकाने आहेत आणि प्रत्येक किती अक्षरांचा आहे, हे एका ठिकाणी लिहायचे; त्या नोंदींचे काय करायचे, हे दुसरीकडे. त्यामुळे एखादा रकाना बदलला तरी सर्व आज्ञा नव्याने लिहिण्याची गरज कमी होई. या विभागणीचा प्रभाव कोबोलवर पडला.

कोबोलची निर्मिती

१९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक संगणक उत्पादकाची स्वतंत्र भाषा होती. यंत्र बदलले की सर्व आज्ञावल्या पुन्हा लिहाव्या लागत. बरोज कंपनीच्या मेरी हॉस यांच्या पुढाकाराने एप्रिल १९५९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात या प्रश्नावर छोटी बैठक झाली. हॉपर तिला उपस्थित होत्या. त्यानंतर २८ व २९ मे रोजी अमेरिकेच्या संरक्षण विभागाने पेंटॅगॉनमध्ये मोठी परिषद भरविली. तीतून कोडासिल ही संघटना आकाराला आली. हॉपर तिच्या कार्यकारी समितीच्या तांत्रिक सल्लागार होत्या.

भाषेचा आराखडा तयार करण्याचे प्रत्यक्ष काम एका अल्पमुदतीच्या समितीकडे होते. समितीसमोर फ्लो-मॅटिक, आयबीएमची कमर्शियल ट्रान्सलेटर आणि हवाई दलाची आयमॅको या भाषा होत्या. त्यांपैकी फ्लो-मॅटिक प्रत्यक्ष वापरात असल्याने तिचा प्रभाव सर्वाधिक राहिला. अंतिम मसुदा जीन सॅमेट, गर्ट्रूड टिअर्नी, विल्यम सेल्डन, हॉवर्ड ब्रॉमबर्ग, हॉवर्ड डिस्काउंट आणि व्हर्नन रीव्हज या सहा जणांनी लिहिला. काम रेंगाळत असल्याच्या वैतागातून ब्रॉमबर्ग यांनी कोबोलचे नाव कोरलेला थडग्याचा दगड विकत घेऊन परिषदेचे प्रमुख चार्ल्स फिलिप्स यांच्याकडे पाठविला होता. जानेवारी १९६० मध्ये मसुदा मंजूर झाला. ६ आणि ७ डिसेंबर, १९६० रोजी जवळपास तीच कोबोल आज्ञावली आरसीए ५०१ आणि युनिव्हॅक २ या दोन वेगळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर चालवून दाखविण्यात आली.

हॉपर यांना कोबोलची जननी म्हटले जाते. परंतु मसुदा लिहिणाऱ्या समितीत त्या नव्हत्या. जीन सॅमेट यांनी या बिरुदावर पुढे जाहीरपणे आक्षेप घेतला. फ्लो-मॅटिकची रचना, उत्पादकांना एकत्र आणण्यातील सहभाग आणि कोबोलचा प्रसार हे हॉपर यांचे खरे योगदान होय.

नौदलातील प्रमाणीकरण आणि चाचण्या

१९६६ च्या अखेरीस हॉपर कमांडर या हुद्द्यावरून निवृत्त झाल्या. नौदलात तोपर्यंत कोबोलचा वापर वाढला होता. मात्र प्रत्येक उत्पादकाच्या कंपायलरमध्ये भाषेचे नियम थोडे वेगळे पाळले जात. एका तळावर नीट चालणारी पगारपत्रकाची आज्ञावली दुसऱ्या तळावरील यंत्रावर अडत असे. हा गोंधळ निस्तरण्यासाठी ऑगस्ट १९६७ मध्ये त्यांना सहा महिन्यांसाठी पुन्हा सेवेत बोलाविण्यात आले. ही मुदत पुढे अनिश्चित काळासाठी वाढविण्यात आली. १९७७ पर्यंत त्या नौदलाच्या संगणक भाषा गटाच्या संचालक होत्या.

कंपायलर प्रमाणभाषेनुसार आहे हा उत्पादकाचा दावा तपासल्याशिवाय मानायचा नाही, हे या गटाच्या कामाचे सूत्र होते. त्यासाठी कोबोलमध्येच अनेक लहान आज्ञावल्या लिहिण्यात आल्या. प्रत्येक आज्ञावली भाषेतील ठरावीक सोयी वापरी आणि मिळालेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून उत्तीर्ण किंवा अनुत्तीर्ण असा शेरा छापी. दशांश स्थळाचा हिशेब, संख्येची काटछाट, नोंदींची वाचन-लेखन पद्धती, अटींचा अर्थ अशा ज्या ठिकाणी कंपायलर एकमेकांपासून वेगळे वागत, त्या या चाचण्यांत उघड होत. उत्पादकाने एक दोष दुरुस्त करून नवी आवृत्ती आणली की संपूर्ण संच पुन्हा चालवता येई. त्यामुळे दुरुस्तीने आधी बरोबर असलेले काही बिघडले आहे का, हेही कळे.

या कामाचे महत्त्व खरेदीच्या व्यवहारातही होते. कोबोल कंपायलर नसलेला संगणक सबळ कारणाशिवाय घ्यायचा नाही, असे धोरण संरक्षण विभागाने १९६० मध्येच जाहीर केले होते. मात्र कंपायलर असणे आणि तो नियमाप्रमाणे चालणे यांत फरक होता; चाचणी संचामुळे तो मोजता येऊ लागला. १९८० च्या दशकात या चाचण्यांची जबाबदारी नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्स या संस्थेकडे गेली. फोरट्रान आणि इतर भाषांसाठीही अशा चाचण्या प्रचारात आल्या.

१९७१ मध्ये हॉपर पुन्हा निवृत्त झाल्या आणि १९७२ मध्ये पुन्हा सेवेत आल्या. १९७३ मध्ये त्यांना कॅप्टन हा हुद्दा मिळाला. मार्च १९८३ मध्ये त्यांची मुलाखत दूरचित्रवाणीवर प्रसारित झाल्यावर अमेरिकन काँग्रेसमध्ये त्यांच्या बढतीचा ठराव मांडला गेला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी त्यांना कमोडोर केले. १९८५ मध्ये या हुद्द्याचे नाव बदलून रिअर ॲडमिरल (निम्न श्रेणी) असे झाले. १४ ऑगस्ट, १९८६ रोजी बॉस्टन येथे यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या ऐतिहासिक जहाजावर त्यांचा निरोप समारंभ झाला. त्या वेळी ७९ वर्षे ८ महिने वयाच्या हॉपर या नौदलातील सर्वाधिक वयाच्या सेवारत अधिकारी होत्या.

अध्यापन आणि व्याख्याने

हॉपर यांची व्याख्याने लोकप्रिय होती. उपग्रहामार्फत संदेश जाण्यास वेळ का लागतो, असे वरिष्ठ अधिकारी विचारीत, तेव्हा त्या सुमारे ३० सेंटिमीटर लांबीची तार हातात देत. प्रकाश एका नॅनोसेकंदात जास्तीत जास्त एवढेच अंतर कापतो आणि येथून उपग्रहापर्यंत अशा असंख्य तारा लागतील, असे त्या समजावीत. मायक्रोसेकंद दाखविण्यासाठी त्यांच्याजवळ ९८४ फूट तारेचे वेटोळे असे. आज्ञावली विनाकारण लांबविणाऱ्या प्रोग्रामरने आपण काय वाया घालवितो ते पाहावे, यासाठी हे वेटोळे त्याच्या टेबलावर टांगावे असे त्या सुचवीत.

त्यांच्या कार्यालयात उलट्या दिशेने फिरणारे भिंतीवरील घड्याळ होते. एखादी पद्धत केवळ नेहमीची आहे म्हणून योग्य ठरत नाही, हे त्यांना त्यातून सुचवायचे असे. एका मोठ्या संगणकाऐवजी जोडलेले अनेक लहान संगणक वापरण्याचा त्यांनी पुरस्कार केला. एका बैलाला ओंडका ओढवत नसेल तर शेतकरी मोठा बैल वाढवीत बसत नाही, दुसरा बैल जोडतो, हे उदाहरण त्या देत. तरुणांना घडविणे हे आपले सर्वांत महत्त्वाचे काम असल्याचे त्या मानीत.

अखेरची वर्षे

निवृत्तीनंतर हॉपर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत वरिष्ठ सल्लागार झाल्या आणि अखेरपर्यंत त्या पदावर होत्या. १ जानेवारी, १९९२ रोजी व्हर्जिनियातील आर्लिंग्टन येथे वयाच्या ८५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. आर्लिंग्टन राष्ट्रीय दफनभूमीत लष्करी इतमामाने त्यांचे दफन करण्यात आले.

मूल्यमापन आणि प्रभाव

कोबोलवर टीकाही झाली. शब्दबंबाळ मांडणी आणि आरंभीच्या आवृत्त्यांतील कमकुवत रचना यांमुळे एड्सगर डाइक्स्ट्रा यांच्यासारख्या संगणकशास्त्रज्ञांनी ती अध्यापनासाठी घातक मानली. स्मृती वाचविण्यासाठी वर्ष दोन अंकांत लिहिण्याची प्रथा कोबोल आज्ञावल्यांत सर्वत्र होती, इ.स. २००० च्या सुमारास त्या दुरुस्त करण्यासाठी जगभर मोठा खर्च करावा लागला. या कामात भारतीय सॉफ्टवेअर कंपन्यांचा मोठा सहभाग होता. बँका, विमा संस्था आणि शासकीय कार्यालयांत कोबोल आजही वापरात आहे.

डेटाबेसच्या इतिहासातही कोबोलला स्थान आहे. कोडासिलच्या डेटाबेस कार्यगटाने १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात नोंदी शोधणे, वाचणे व साठविणे यांच्या आज्ञा कोबोल आज्ञावलीतच लिहिण्याची योजना होती. या कार्यगटात हॉपर नव्हत्या. एडगर कॉड यांच्या संबंधाधारित प्रारूपामुळे पुढे एसक्यूएल ही भाषा पुढे आली. तिला अटी आणि आवर्तने यांची जोड देण्यासाठी ओरॅकलची पीएल/एसक्यूएल, पोस्टग्रेसक्यूएलची पीएल/पीजीएसक्यूएल अशा प्रक्रियात्मक भाषा निर्माण झाल्या. त्यांचा उगम हॉपर यांच्या भाषांत नाही. परंतु अशा भाषेच्या अंमलबजावणीत कोणी दुरुस्ती सुचविली, तर इतरांनी ती वाचून तपासणे, तिच्यासाठी नवी चाचणी जोडणे आणि जुन्या सर्व चाचण्या पुन्हा चालवणे ही आजची पद्धत हार्वर्डमधील तपासलेल्या वह्या, ए-२ चे सुधारणांसाठीचे आवाहन आणि नौदलाचा चाचणी संच यांच्याशी मिळतीजुळती आहे.

पुरस्कार आणि सन्मान

१९६९ मध्ये डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशनने वर्षातील संगणकशास्त्रीय पुरुष या नावाचा आपला पहिला पुरस्कार हॉपर यांना दिला. १९७३ मध्ये ब्रिटिश कॉम्प्युटर सोसायटीच्या विशेष सन्माननीय सदस्य होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री आणि पहिल्या अमेरिकन व्यक्ती ठरल्या. निवृत्तीच्या वेळी त्यांना संरक्षण विभागाचे विशिष्ट सेवा पदक मिळाले. १९९१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक वैयक्तिकरीत्या मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत्या. २०१६ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्यांना प्रेसिडेंशियल मेडल ऑफ फ्रीडम हा नागरी सन्मान मरणोत्तर प्रदान केला.

यूएसएस हॉपर ही विनाशिका १९९७ मध्ये अमेरिकेच्या नौदलात दाखल झाली. संगणक क्षेत्रातील स्त्रियांसाठी १९९४ पासून भरणाऱ्या परिषदेला त्यांचे नाव आहे. तिची भारतीय आवृत्ती बंगळूर येथेही भरली आहे. येल विद्यापीठाने २०१७ मध्ये आपल्या एका निवासी महाविद्यालयाला ग्रेस हॉपर महाविद्यालय असे नाव दिले.